जनार्दनची सुरगाठ

आमची पोस्ट बर्फात होती. नाव सांगत नाही. सांगितलं तरी तुम्ही काही तिथे जाणार नाही. साल ऐंशीच्या दशकातलं. थंडी अशी की अंडं भिंतीवर मारलं तर भिंतीला पोचा यायचा. ही गोष्ट मी कळव्यात शेकडो लोकांना सांगितली, एकाचाही विश्वास बसला नाही. उलट, मी बर्फातल्या अस्वलाला कुस्तीत चितपट केलं ही माझी शुद्ध थाप, ती मात्र आमच्या चाळीत सगळ्यांना पटते. एका बाईंनी तर अस्वलाला फार लागलं का, म्हणून चौकशी केली होती.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. पहाट फुटायच्या आधी स्टँड-टू, म्हणजे सगळ्यांनी हत्यारं घेऊन मोर्चावर उभं राहायचं. मग बंकरच्या तोंडावरचा बर्फ काढायचा, स्टोव्हवर बर्फ वितळवून पाणी करायचं, हत्यारं पुसायची, बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन ऊब द्यायची. एक दिवसाआड लिंक पेट्रोल, म्हणजे पाच जणांनी एकाच दोराला बांधून घेऊन खालच्या पोस्टपर्यंत चालत जायचं आणि परत यायचं. एक पडला तर बाकीच्यांनी धरायचा.

दोरावर पहिला जनार्दन, दुसरा मी. जनार्दन लान्स नायक, कोलशेतच्या कोळीवाड्यातला. मी हवालदार. मी कळव्याचा, तो खाडीपलीकडचा, म्हणजे बर्फात आम्ही सख्खे शेजारीच. पलटणीत सगळे मला नाना म्हणत, तोही म्हणायचा.

या जनार्दनला एक खोड होती. ट्रेनिंगमध्ये शिकवलेली गाठ तो छान बांधायचा, उस्तादसमोर. घाई असली की बोटं आपसूक होडीची गाठ मारायची. सुरगाठ. कितीही ताण असला तरी मोकळं टोक ओढलं की एका झटक्यात सुटते. भरती फिरली, होडी ओढ खायला लागली, की कोळ्याला तशीच गाठ लागते. बापाने लहानपणी हातात बसवलेली. उस्तादने त्याला पकडून सगळ्यांसमोर उभा केला होता.

"ये क्या बांधा है, जवान?"

"गाठ, उस्ताद."

"ये नाव है? समुंदर है इधर?"

"जमा हुआ है, उस्ताद."

त्याबद्दल त्याला पाठीवर पिट्ठू घेऊन पळावं लागलं. आम्ही हसून बेजार.

आमच्या प्लाटूनमध्ये वर्ष संपताना एक रीत होती. कोणी सुरू केली माहीत नाही. डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी दुपारी, रमचा कोटा वाटायच्या आधी, प्रत्येकाने सरत्या वर्षाबद्दल एक थाप मारायची आणि येणाऱ्या वर्षासाठी एक खरा शब्द सांगायचा. थापेला पोटभर हसायचं. खऱ्या शब्दावर कोणी काही बोलायचं नाही. आणि नव्या वर्षाकडे मोठं काही मागायचं नाही, लहानच मागायचं. का, ते कोणी कोणाला समजावलं नाही. थापेत पहिला नंबर दरवर्षी माझा, हे सांगायला नको. त्या वर्षी मी सांगितलं की जनार्दनने बुटाची नाडी बर्फाच्या भोकात सोडून खाडीतला जिताडा मासा पकडला आणि सीओ साहेबांनी तो काट्यासकट खाल्ला. जनार्दन रडेपर्यंत हसला. मग त्याची पाळी आली. म्हणाला, "नव्या वर्षात मला कोरडे मोजे पाहिजेत." कोणी काही बोललं नाही.

जानेवारीत आमचं पेट्रोल निघालं. सकाळ स्वच्छ होती. निघताना मी सगळ्यांचे दोर तपासले. जनार्दनची गाठ नियमाप्रमाणे होती, मी स्वतः ओढून पाहिली. वाटेत दोर बर्फाने कडक झाला म्हणून त्याने थांबून पुन्हा बांधला. तेवढ्यात वारा सुटला, आणि ती गाठ न तपासताच मी हात उंचावून चला म्हटलं.

थोडं पुढे गेलो आणि पायाखालचा बर्फ बसला. वरून सपाट दिसणाऱ्या त्या बर्फाखाली दरी होती, क्रेव्हास. आवाजसुद्धा झाला नाही. जनार्दन समोर होता आणि मग नव्हता. दोराने मला पालथा पाडला आणि ओढत नेला. आइस-अ‍ॅक्स रुतवली, ती बर्फ कापत सरकत राहिली. मागचे तिघे ओरडत टाचा रोवत होते, तेही सरकत होते. काठावर माझी छाती आली तेव्हा दोर थांबला. जेमतेम.

मी खाली पाहिलं. तो भाल्याच्या लांबीवर लोंबकळत होता. टोपी गेलेली. माझ्या छातीखालून काठाचे तुकडे निखळून त्याच्या खांद्यावर पडत होते. ते त्याने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"नाना, पाय रोव."

"रोवलेत. हलू नकोस."

"रोवलेले नाहीत," तो म्हणाला.

आणि हात कंबरेशी नेऊन त्याने मोकळं टोक ओढलं.

दोर हलका झाला. एवढंच सांगता येतं. तेवढ्याबद्दल मला अजून कुठलीही उपमा सुचलेली नाही, आणि मी उपमांत कंजूष नाही.

वायरलेस सेट मागच्या जवानाकडे होता. तो मी घेतला.

"टायगर फॉर अल्फा. वन मॅन डाऊन क्रेव्हास. ओव्हर."

"अल्फा, नाम बताओ. ओव्हर."

मी बटण दाबून धरलं. खालच्या पोस्टवरून पुन्हा विचारलं, नाम बताओ. तेव्हा कुठे सांगितलं.

दोन दिवस शोध चालला. तो सापडला नाही. चौकशीत मी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगितलं. साहेब भले माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "नाना, तुझा दोस्त होता, मी समजू शकतो." मागच्या तिघांना काठाखालचं दिसलं नव्हतं. कागदावर आलं, दोराची गाठ सुटल्याने मृत्यू. तेच घरी कळवलं गेलं. ज्याच्या थापांवर सगळी पलटण हसते त्याच्या साक्षीवर कोण जाणार?

मी रजेवर कोलशेतला गेलो तोवर ती बातमी तिथे पोचून मुरली होती. जनार्दनचे वडील धर्माबाबा मला पाहून उठले आणि मागच्या दाराने निघून गेले. आई, हिरामावशी, चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "तू त्याला हसवायचास ना? मना पन हसव." मी जिताड्याची गोष्ट सांगितली. ती हसली, मग पदर तोंडाला लावून बसली. मी निवृत्त होऊन कळव्याला कायमचा आलो, तेव्हापासून दर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी जातो. दरवर्षी जनार्दनची नवी थाप. त्याने हेलिकॉप्टरला वल्हं मारलं, त्याने कर्नल साहेबांना सुकट खायला शिकवलं. गोष्टींमधला जनार्दन दरवर्षी मोठा होत गेला. धर्माबाबा दरवर्षी मागच्या दाराने गेले. त्यांची होडी अंगणापलीकडे पालथी पडली होती. आपण शिकवलेली गाठ सुटली हे ऐकल्यापासून त्यांनी दोराला हात लावला नव्हता. खाटेवर बसून असायचे. माणूस वाळत चालला होता.

नव्वदचं दशक लागल्यानंतरचा एक डिसेंबर. मी दारात पाऊल ठेवलं तर मावशी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर पाट टाकून बसलेली.

"आला का रं बाता मारनारा?"

"आलो मावशी. यंदाची बात अशी आहे की..."

"यंदा बात नको. तुमच्या पलटनीत दुसरा भाग पन असतो ना? जनूनं मना सांगितलेलं. नव्या सालाचा खरा सबूद. तो बोल. याच्या समोर बोल."

बाबा उठले होते. मागच्या दारात मावशी, पुढच्या दारात मी.

"बाजूला हो," बाबा तिला म्हणाले.

"नाय व्हत. आनखी एक साल तुमाला असं बसलेलं मी बघनार नाय. काय व्हायचं ते आज व्हऊ द्या."

मी उभ्यानेच सांगितलं. बर्फ बसला तिथपासून दोर हलका झाला तिथपर्यंत. एकही शब्द वाढवला नाही. माझं मलाच ते अनोळखी वाटत होतं.

बाबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "तू थापाड्या हायस. आख्खा कोलीवाडा जानतो."

"हो बाबा."

"कंच्या हातानं ओढला?"

मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. साहेबांनीसुद्धा नाही.

"डाव्या."

"तो उजवा व्हता. सगलं उजव्यानं करायचा."

"माहीत आहे. पण ओढलं डाव्यानं. उजवा हात त्याने वर धरला होता. रिकामा."

बाबा खाटेवर बसले. त्यांनी आपला उजवा हात हवेत वर नेला आणि मूठ वळली, काठी धरावी तशी. डावा कंबरेशी आणला. तसेच थांबले.

"उजव्यात काठी असते," ते मावशीला म्हणाले, माझ्याकडे न बघता. "चिखलात काठी रोवून धरायची, आनि डाव्यानं सोडायचं. मीच शिकवलं. यानं तर जलमात होडीत पाय नाय घातला. याला काय ठावं?"

मावशी पाट सोडून उठली.

"म्हनजे गाठ सुटली नाय," बाबा म्हणाले. "त्यानं सोडली. गाठ बरोबर व्हती."

मग ते रडले. मला वाटलं होतं खरं ऐकून त्यांना हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. एक दुःख जाऊन त्या जागी दुसरं आलं, एवढंच. पण हे दुसरं घेऊन त्यांना उठता आलं. संक्रांत झाल्यावर मला निरोप आला, होडी उलटायला माणसं कमी आहेत. मी गेलो. चौघांनी मिळून ती सुलटी केली, डांबर लावलं. खाडीत मासळी पहिल्यासारखी राहिली नव्हती, तरी ते जायला लागले.

लान्स नायक जनार्दन, राहणार कोलशेत. त्याच्या मागे दोरावर आम्ही चार जण होतो. चौघेही घरी परत आलो. एकाने साताऱ्याकडे शेती धरली, एक कल्याणला वॉचमन आहे, एकाच्या मुलीच्या लग्नाला मी नुकताच जाऊन आलो. चौथा मी. चांगल्या रस्त्यावर, भर बाजारात, हातात भाजीची पिशवी असताना कधीतरी कंबरेशी काहीतरी एकदम हलकं होतं, आणि मी टाचा रोवून उभा राहतो. लोक वळसा घालून पुढे जातात.