मामांचं उशिराचं हसू

सगळा तंबू हसून शांत झाल्यावर एकट्यानंच गडगडून हसणारा माणूस उभ्या खानदेशात एक होता, आणि तो माझा सख्खा मामा होता. कापूस घरात आला की शहाद्याला सरकी काढायच्या जिनाच्या आवारात नाटक कंपनीचा तंबू लागे. दरसाल तेच जुनं विनोदी नाटक: कंजूष म्हातारा, त्याची लग्नाची लेक आणि गाठोड्यात लपून बसलेला तिचा प्रियकर. म्हातारा नेमका त्याच गाठोड्यावर टेकून म्हणे, "आज गाठोडं बरंच उबदार लागतंय." लोक हसून लोळायचे. मामा मात्र शेंगा हातात तशाच धरून, मान तिरकी करून, पंचायतीला बसल्यासारखे गंभीर. लोक डोळे पुसून गप्प झाले की यांचं सुरू. तोवर लेकीचं रडणं लागलेलं असे; लुगडं नेसलेला नट एकदा रडायचं सोडून कमरेवर हात ठेवून मामांकडे बघतच राहिला. म्हाताऱ्याचं काम करणारा नट पुढं शहाणा झाला. वाक्य टाकलं की तो तपकीर ओढत मामांसाठी थांबे. मी लाजेनं अर्धा होई. लोकांबरोबर हसा म्हटलं, तर म्हणाले, "घाई काय शे, भाचा? हासू काही पयी नही जाई ऱ्हायनं." जसं काही हसू पळून जाणार नाही, याची त्यांना खात्रीच होती.

त्यांना विनोद उशिरा कळतो, असंच मी धरून चाललो होतो. शेवटी आईनं सांगितलं, "तो पहिले तुन्ही मामीनं हासनं आयकस, मंग हासस." मामी बांबूच्या चिकाच्या पडद्यामागं बायकांत बसे. तिचं हसू बारीक, उचकी लागल्यासारखं; लोक थांबल्यावरच ते ऐकू येई. घरात आजोबा कायम ओसरीवर, त्यामुळे नवराबायकोला एकमेकांसमोर दात काढायची सोय नव्हती. वर्षातून एकदा, तंबूच्या दोन टोकांना बसून, दोघं बरोबर हसून घेत.

मग मामी गेली. त्या वर्षी मामा येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं, पण आले. बैलगाडीत मामीची बसायची गोधडीही नेहमीसारखी अंथरलेली. गाठोड्याचं वाक्य आलं, तंबू हसला, शांत झाला. नट तपकीर ओढून थांबला. मामांची मान तिरकीच. मला त्यांच्याकडे बघवेना. एवढ्यात पडद्यामागून बारीक, उचकी लागल्यासारखं हसू आलं. ती माझी आई होती; एरवी हसण्याच्या बाबतीत ती भलतीच काटकसरी. मामा क्षणभर दचकले आणि मग असे हसले की नटाला तपकिरीची दुसरी चिमूट घ्यावी लागली.

परतताना गाडीत ते आईला एवढंच म्हणाले, "तुले तिन्हासारखं हासता नही येस, बाई."

पुढच्या साली मात्र तंबूचे खांब उभे राहायच्या आधीच आईला आणायला त्यांची गाडी आमच्या दारात उभी होती.