टॅबची पूजा

मेथीची अर्धी जुडी निवडून झाली, अर्धी सुपात तशीच पडली आहे. रोज वहीत आधी रामनाम लिहिते, मग दिवसाचं. आज रामनाम चार ओळींच्या पुढे सरकलं नाही. म्हणून आधी माझ्या पोरीच्या शाळेतल्या रत्नदीप सरांचंच लिहिते.

वडनेरच्या अलीकडे आमचं गाव. सर बोरगाव मेघेहून रोज गाडीवर शाळेत येतात. जेवणाचा डबा आणि टॅब एका पिशवीत कधी ठेवत नाहीत, इतका जपणारा माणूस. पूर्वी चित्रकलेच्या तासाला पोरं फळ्यावरचा आंबा नाहीतर झेंडा उतरवायची. सहा टॅब आले, तसं सरांनी वर्ग शेतात नेला, कपाशीच्या बोंडांचे फोटो काढायला लावले आणि त्यांवर बोटानं रंग भरायला शिकवलं. ज्याच्याकडे खडूची डबी नाही, त्यालाही सगळे रंग.

मी म्हटलं होतं, "सर, कागद नाई, रंग नाई, हे कायची चित्रकला?"

"काकू, तुमची रांगोळी कुठी कागदावर राह्यते? मंग तिले काय म्हणता?"



दसऱ्याच्या सुटीत शाळेच्या कपाटाचं कुलूप बिघडलेलं, म्हणून सरांनी टॅब आमच्याकडे ठेवले. "फक्त पाण्यापासून जपजा," एवढंच सांगितलं.

दसऱ्याला यांनी विळे, फवारणीचा पंप, मोटारसायकल धुऊन मांडली. मी शिलाई मशीन पुसली. मनात आलं, पोरांची विद्या ज्यात आहे, ते बिनपूजेचं कसं ठेवायचं? टॅब पाटावर मांडले. फुलानं पाणी शिंपडलं, हळदीकुंकू वाहिलं. एकावर कुंकू जरा पातळ झालं, ओघळून चार्जरच्या भोकात गेलं. पदरानं पुसलं आणि कोणाला बोलले नाही.

सुटीनंतर शाळेत नेमका तोच टॅब सुरू झाला नाही. तालुक्याच्या प्रदर्शनाची सगळ्या वर्गाची चित्रं त्यातच होती.

काल पालकसभेत मोठे गुरुजी वासुदेवराव सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, तुमाले वस्तू सांभाळता येत नाई. उद्या दुपारपर्यंत लेखी खुलासा द्या. मी तो वर पाठवतो."

माझ्या बाजूला बसलेली मेघा म्हणाली, "पोरायले गेम खेळू देत असन, दुसरं काय."

बाया हसल्या. मीही हसले. ते हसू माझ्याच तोंडून आलं, हे इथे लिहून ठेवते.

सर म्हणाले, "चूक माझी हाय. लिहून देतो." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, त्यांना काही माहीत नाही, आणि देवाची शपथ, मला बरं वाटलं.

रात्री वेणी घालताना माझी गुंजन म्हणाली, "आई, सरनं काडीनं त्या टॅबमधलं कुंकू काढलं."

मी विचारलं, "मंग काय म्हणले?"

"म्हणले, आईले काई बोलू नोको, तिनं भक्तीनं केलं." मग म्हणाली, "आई, माह्यं बोंडाचं चित्र पण गेलं त्याच्यात. तू काऊन नाई सांगतलं?"

भक्तीनं केलं ते पूजेपर्यंत. त्यानंतरचे आठ दिवस भक्तीचे नव्हते, भीतीचे होते. बाया म्हणतील, शिकलेली म्हणवते आणि टॅबला कुंकू लावते. त्या एका हसण्याच्या भीतीनं मी बायांना सरांवर हसू दिलं. सकाळी देवापुढे बसले, तर निरांजन लावायलाही संकोच वाटला.

सर खुलासा लिहितील, त्यात माझं नाव नसेल, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांच्या नोकरीच्या कागदावर तो कायमचा राहील.

साडेदहा झाले. मेथी सासूबाई निवडतील. मला शाळेत जाऊन वासुदेवरावांना भेटायचं आहे.