उसाची उंची
डिंकाचा वास आला की माझं टेबलावरचं रेल्वेचं मॉडेल आठवतं. माधवनगरजवळचं बिनफाटकाचं क्रॉसिंग मी त्यात मापात उभं करत होतो. थोरला भाऊ तिथंच मोटारसायकलवरून जाताना रेल्वेखाली गेला होता. रेल्वे नीट दिसावी म्हणून रस्त्याकडेचा ऊस मी बुटका ठेवला होता. वहिनींनी टोकलं, "आवं भावजी, ऊस हाय का हरळी? माणसाच्या दुप्पट लावा की!" मी तसा लावला. मग वहिनी मॉडेलमधल्या रस्त्यावरच्या चिमुकल्या मोटारसायकलीमागं टेबलावर गाल टेकवून बघत राहिल्या. "हितनं रेल्वे दिसतच न्हाई वो." मीही वाकून पाहिलं. रुळापर्यंत नुसता ऊस होता. घाई केली म्हणून भाऊ मेला, असं मीच सगळ्यांना सांगत आलो होतो. वहिनी उठल्या. "पोरास्नी आता तुमीच सांगा." पोरं मोठी झाली, मी अजून सांगितलेलं नाही.