प्लास्टरवरचा धावपटू

सोनिवलीच्या आमच्या नव्या फ्लॅटमध्ये छताचं पीओपी चालू आहे. ओल्या प्लास्टरचा तो वास आला आणि मी थेट बेलवलीच्या जुन्या खोलीत पोचले.

मी लहान असताना आनंदनगरच्या कारखान्यात पायावर लोखंडी पाइप पडून बाबा अंथरुणाला खिळले होते. एरवी कबड्डीचं मैदान गाजवणारा माणूस दिवसभर पंख्याकडे बघत पडून असायचा. मी स्केचपेनने त्यांच्या पायाच्या प्लास्टरवर मोगरा काढला, मग ढोलकी.

"आता एक पळणारा माणूस काढ," बाबा म्हणाले. "तोंड दाराकडे कर त्याचं."

"दाराकडे कशाला?"

"उजेड तिकडून येतो ना."

प्लास्टर निघालं, पण बाबा पुन्हा कधी मैदानात उतरले नाहीत. उजेडाचं ते कारण मला तेव्हा अगदी पटलं होतं.