शेजारच्या घरची भाकर

भाद्रपद शुद्ध दशमी. सकाळी बीडहून बैलगाडीने निघालो. सिंदफणेला गुडघाभर पाणी होते. दिवेलागणीला गेवराईच्या धर्मशाळेत उतरलो.

चकलांब्याजवळ आक्काच्या गावी चाललो होतो. मला आक्कानेच वाढवले. श्रावण सरता सरता आलेल्या पुरात नदीने गावाची खालची आळी नेली, त्यात आक्का गेली. दाजी एकटे उरले. त्यांना बीडला घेऊन यायचे, एवढेच ठरवले होते.

"मास्तर, भाकरी बांधल्या का? पुढं पानी सोडून काय मिळायचं न्हाई," गाडीवान हुसेनभाई म्हणाले.

बांधल्या नव्हत्या. बहिणीचे सुतक मला तीनच दिवसांचे. तरी घरची चूल मी पेटवली नव्हती. शेजारच्या काकू ताट आणून देत. हुसेनभाईंनी आपल्यातली अर्धी भाकर दिली. त्या बाजूला जाणाऱ्यांनी शिदोरी जवळ ठेवावी. गाडीभाडे जाऊन-येऊन तीन रुपये हाली, म्हणजे निजामी नाण्यात, पडले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. खालच्या आळीने उंचवट्यावर कुडाच्या झोपड्या घातल्या होत्या. दाजी चुलीपुढे भाकर थापत होते. मी चमकलो. आमच्याकडे तेराव्यापर्यंत सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात.

"दाजी, हे काय?"

"माझ्यासाठी न्हाई. गंगुबाईची हाय."

गंगुबाई पलीकडच्या झोपडीतली म्हातारी. तिचा नातू पुरात गेला. आळीत प्रत्येक घरी सुतक, आणि वरच्या आळीचे धान्य भिजलेले. खालच्या आळीला तालुक्याहून मिळालेली थोडी ज्वारी तेवढी होती. मग कुणी कुणाला आणून द्यायचे? तिनेच तोड काढली. आपल्यासाठी कुणी रांधायचे नाही, पुढच्या घरासाठी रांधायचे. शेवटच्या झोपडीने पहिल्या झोपडीला द्यायचे.

भाकर घेऊन आम्ही गेलो. म्हातारीने ती उजेडात धरली.

"कावून रे किसना, भाकर केली का पटवाऱ्याचा नकाशा?"

"काल करपली म्हनलीस, म्हनून आज लवकर काढली," दाजी म्हणाले.

"उद्या गोल कर. कोपरे चावायला दात न्हाईत मला."

दाजी हसले. आक्का गेल्यापासून ते बोलत नाहीत, असा मला निरोप होता.

म्हातारी माझ्याकडे वळली. "पैले चार दिस कुनी कुनाच्या तोंडाकडं बघितलं न्हाई, मास्तर. भाकर द्यायला दाराशी यावंच लागतं. आलं की दोन शब्द होतात."

संध्याकाळी मी विषय काढला. "तेरावा झाला की बीडला चला."

"तेराव्यानंतरबी हे चालू ठिवायचं ठरलंय. मी गेलो तर गंगुबाईला कोन दील?"

"दुसरं कुणी देईल."

"दील की. पन तिला माझ्याच भाकरीला नावं ठिवायची हायत." त्यांनी परात पालथी घातली. "तिकडं येऊन करू काय? तुझ्या ताटाची वाट बघत बसू?"



तेरावा उरकून एकटाच परतलो. गावाला अजून भिंती नाहीत, देवळात गाळ आहे. भाकर घेऊन पलीकडे जायची वेळ मात्र प्रत्येकाला ठाऊक आहे.

बीडला पोचल्यावर काकूंना सांगितले, उद्या ताट आणू नका. सकाळी चूल पेटवली. पहिली भाकर परातीतच फाटली. दुसरी तव्यावर पडली, पण काठ वेडेवाकडे झाले. ती काकूंसाठी बाजूला ठेवली आणि आणखी एका भाकरीसाठी पीठ मळायला घेतले.