पेरूच्या गाडीवरचं पुस्तक

औरंगपुऱ्यातल्या कोपऱ्यावर तो दौलताबादचे पेरू विकायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तराजूशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं संविधान असायचं, आणि एकोणिसाव्या कलमापाशी खुणेला पेरूचं वाळकं पान. धंदा करायचा हक्क तिथं लिहिलाय, हे तो फोडींना तिखट-मीठ लावता लावता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा.

एका सकाळी मी पेरू खात असतानाच अतिक्रमणवाल्यांचा टेम्पो आला. त्यानं हात पुसले, पुस्तक उघडलं आणि ते कलम मोठ्यानं वाचलं. साहेब शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले. मग त्यांनी पुस्तक मागून घेतलं, कपाळाला लावलं, अदबीनं परत दिलं आणि हातगाडी टेम्पोत चढवली. बोलायचं स्वातंत्र्यही त्याच कलमात आहे. मी मुकाट्यानं पेरू संपवला.

दुसऱ्या दिवशी तो तिथंच टोपली घेऊन बसला होता. पुस्तक दिसलं नाही.

“पुस्तकही नेलं का हो?” मी विचारलं.

“नाय ओ, त्याला कोण धक्का लावतंय?” पेरू कापता कापता तो म्हणाला. “घरी हाय. लई सुखरूप हाय.”