आईनं न म्हटलेली प्रार्थना

बेलापूरच्या पुढं उसाच्या रानात एक दगडी वसतिगृह आहे, आता बंद पडलेलं. तिथं पुण्याची काही तरुण मंडळी सिनेमा करायला आली. पुरुषांवर प्रेम करणाऱ्या ख्रिस्ती मुलांना घरचे एका प्रार्थनागृहात नेऊन ठेवतात, आणि तिथं उपास-प्रार्थनेनं त्यांना ‘बरं’ करायला बघतात, अशी गोष्ट. एका प्रसंगासाठी त्यांना पेटी वाजवणारा हवा होता. मी आमच्या चर्चमध्ये लहानपणापासून पेटी वाजवतो, म्हणून कुणीतरी माझा नंबर दिला.

दिग्दर्शिका फोनवर गोष्ट सांगत होती आणि मी नुसता ‘हं, हं’ करत होतो. ती माझीच गोष्ट मला सांगतेय, हे तिला कुठून ठाऊक असणार!

कॉलेज संपलं तेव्हा मी आईला स्वतःहून सांगितलं होतं. वडील आधीच गेलेले. ती भाकरी थापत होती. तिनं गॅस बंद केला, हात धुतले आणि थेट चर्चच्या पाळकांकडं गेली. त्यांनी जामखेडकडच्या माळावरचं एक प्रार्थनागृह सुचवलं. तिथं मी उन्हाळाभर राहिलो. मारहाण कुणी केली नाही. उपास मात्र कडक असायचे. डोक्यावर तेल घालून सगळे भोवती उभे राहायचे आणि माझ्यातलं काहीतरी निघून जावं म्हणून ओरडायचे. एक धिप्पाड ब्रदर आम्हाला ‘पुरुषासारखं’ चालायला शिकवायचा. त्याचे स्वतःचे पाय फेंगडे होते, पण हसायची सोय नव्हती. शेवटी माझ्या लक्षात आलं, सुटायचं असेल तर ‘गेलं’ म्हणायचं. म्हणालो.

परत आल्यावर चर्चमध्ये उभं राहून साक्ष द्यावी लागली, की प्रभूनं मला बरं केलं. आईनं पेढे वाटले. पुढं तिनं आणलेली स्थळं मी नाकारत गेलो, तसा तिनं विषयच सोडला. आम्ही एका घरात गुण्यागोविंदानं राहत होतो, फक्त त्या एका गोष्टीला वळसा घालून.

शूटिंगला आई माझ्याबरोबर आली ती बघायला म्हणून. ‘प्रार्थनेचा सिनेमा आहे’ एवढंच मी तिला सांगितलं होतं. दिग्दर्शिकेनं तिला पाहिलं आणि विचारलं, “काकू, प्रार्थना करणाऱ्या बायकांमध्ये तुम्ही पण बसाल का?” आई खूश झाली. पदर नीट करून बसली.

मधे एक तरुण नट गुडघे टेकून होता. बायकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचं, ‘देवबापा, ह्याच्यातला दुष्ट आत्मा निघून जाऊ दे.’ मी पेटीवर सूर धरला. पहिल्या वेळी रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी लावून गेला आणि सगळं थांबलं. दुसऱ्या वेळी सगळ्या बायका बोलल्या. आई मात्र हात ठेवून गप्प.

“काकू, वाक्य आठवत नाही का?” दिग्दर्शिकेनं विचारलं.

“आठवतंय की,” आई म्हणाली. “पन हे मी एकदा खरंखुरं म्हनलेय, बाई. आता नाटकात सुदिक म्हनायची न्हाई.”

मी पेटीच्या पट्ट्यांकडं बघत राहिलो.

“मग काय म्हणाल?” दिग्दर्शिकेनं हळू विचारलं.

“काय न्हाई. नुसता हात ठिवते.”

तसंच चित्रीकरण झालं. ते संपल्यावर आई त्या नटाला म्हणाली, “ऊठ रे बाबा, किती येळ गुडघ्यावर बसवलंय तुला.”

परतताना कालव्याजवळ तिनं मला मोटारसायकल थांबवायला सांगितली.

“तिकडं जामखेडला तुला उपाशी ठिवायचे?”

“हो.”

“मला वाटलं, तू बरा झालास.”

“मी आजारी नव्हतो, आई.”

ती पाण्याकडं वळली. “आन् मी पेढे वाटले,” म्हणाली.

“पेढे चांगले होते,” मी म्हणालो. तिला हसू आलं आणि लगेच रडूही. मग डोळे पुसून तिनं विचारलं, “देवळालीचा तो रविवारी जेवायला येतो, तो तुझा...?”

“हो.”

“तरीच माझ्या कालवनाला कधी नावं ठिवत न्हाई.”

सिनेमा आमच्याकडच्या थेटरात लागला नाही. मोबाईलवर आला तेव्हा आम्ही तिघांनी तो घरी पाहिला. आईचा फक्त हात दिसतो.

त्यानंतर काही दिवसांनी चर्चमधली एक बाई आईकडं आली. तिचाही मुलगा तसाच. जामखेडच्या त्या प्रार्थनागृहात कसं जायचं, हे विचारायला आली होती. आईनं तिला चहा दिला आणि म्हणाली, “तिकडं नगं नेऊस. माझ्याकडं जेवायला पाठव त्याला.”

तो मुलगा अजून आलेला नाही. पण त्याच्या आईनंही त्याला कुठं नेलं नाही, एवढं मला माहीत आहे.